सव्विसावी

चहाच्या पत्र्याच्या डब्यात पंचवीस दाढा,
कुतैसीतल्या तीन दवाखान्यांतून मागून आणलेल्या,
ब्लीचमध्ये भिजवून, वाळवून,
मुळांवर लाल नेलपॉलिशने आकडे घातलेल्या.
दर जूनमध्ये परीक्षेच्या दिवशी मी डबा टेबलावर उपडा करते
आणि पोरं बघतात,
पंगतीत भाताऐवजी खडे वाढल्यासारखी.

मुळं आधी मोजा, वर्षभर घसा फोडून सांगते.
तीन असली तर वरची. दोन असली तर खालची.
वरची तिवईसारखी: दोन पाय गालाकडे,
तिसरा, सगळ्यात लांब, टाळूकडे ताणलेला.
खालचीचा एक पाय पुढे, एक मागे.
मुळांची टोकं बहुधा घशाकडे कलतात,
डावी-उजवी त्यावरून धरा.
खालच्या पहिलीला पाच उंचवटे. दुसरीला चार,
मध्ये अधिकाचं चिन्ह,
कुणी बेरीज अर्धी टाकून उठून गेलेलं.
तिसरीचं विचारू नका.
नाव अक्कलदाढ, आणि मुळं एकमेकांत गुंतलेली,
माथ्यावर नुसत्या सुरकुत्या;
तिच्यावर मी कुणालाच नापास करत नाही.

यंदा शेवटी ग्वांत्सा आली.
राचाच्या डोंगरातली. तिकडची माणसं फार संथ,
असे विनोद आमच्याकडे चालतात.
तिच्या आधी लाशाने दोन मिनिटांत सात दाढा ओळखल्या होत्या,
त्यांतल्या चार चुकीच्या.
ही एकच उचलते. अंगठ्याने चाचपते. डोळे मिटते.
तिने नेमकी सव्विसावी उचलली,
जिच्यावर आकडा नव्हता.

"वरची," ती म्हणाली. "पहिली.
मुळं ऐसपैस फाकलीत, दुसरीची एवढी फाकत नाहीत.
हा तिरका कंगोरा.
आणि टाळूच्या अंगाला, पुढे, हा जास्तीचा बारका उंचवटा,
असून नसल्यासारखा.
डावी."
बरोबर. ठेव, मी म्हणाले.
तिने ठेवली नाही.

"माथा घासून सपाट झालाय, बाई.
नुसत्या खाण्याने एवढा होत नसावा.
ही झोपेत घासलीय, वर्षानुवर्षं.
चांदी जुन्या काळातली, हाताने ठासलेली.
आणि पुढून मागे ही चीर, तिनेच शेवटी काढावी लागली असेल.
बाईमाणसाची वाटते.
का, ते नाही सांगता येत. त्याचे गुण कापा."

खिडकीखाली रिओनी दगडांवरून घासत चालली होती.

त्र्याण्णवचा हिवाळा.
वीज नाही, पावाची रांग पहाटे चारला,
आणि झाझा सुखुमीकडे गेलेला, आठवड्यात येतो म्हणून.
कचेऱ्या झाल्या, याद्या झाल्या,
कुणापुढे म्हणून मी दातांच्या कण्या केल्या नाहीत.
दिवसा नाही केल्या.

पहिली दाढ जन्माच्या सुमारास घडू लागते,
हे मी तिसऱ्या तासाला शिकवते.
जन्मल्या दिवसाची एक रेघ तिच्या कवचात राहून जाते,
कापून भिंगाखाली धरली तरच दिसणारी.
एवढ्यावर पुस्तकातला तो धडा संपतो.
पुढच्या दिवसांचं तिथे काही नाही.

"कुणाची आहे?" ग्वांत्साने विचारलं.

जीभ आपसूक वर गेली, डावीकडे,
त्या गुळगुळीत रिकाम्या जागी.

"पेपरावर लिही," मी म्हणाले,
"वरची, डावी, पहिली. एवढंच विचारलंय."

गुण कापले नाहीत.
ती गेल्यावर खणातून नेलपॉलिश काढलं,
लांब मुळावर सव्वीस लिहिलं
आणि वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.